बीजगणित-भूमिती हातांनी शिकवताना: आठवी ते दहावीसाठी माझे वर्गातले उपक्रम

मी गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला गणित शिकवते. वर्गात चाळीसेक मुलं, तास चाळीस मिनिटांचा, आणि साहित्यासाठी वेगळा निधी म्हणावा असा काही नाही. खाली लिहिलेलं सगळं एवढ्यात बसतं. नवीन शिक्षक मित्रमैत्रिणी विचारतात की नेमकं काय करता, किती वेळ लागतो, सामान कुठून आणता, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

साहित्य निवडताना मी एकच गोष्ट बघते. मुलाच्या हातून चुकीचं काही झालं, तर ती वस्तू त्याला अडवते का? प्रदर्शनासाठी थर्माकोलवर रंगवून आणलेला पायथागोरस कोणालाच अडवत नाही. तो बघायचा, टाळ्या वाजवायच्या आणि कपाटावर ठेवायचा. माडाचे चार हीर (केरसुणीच्या काड्या) जोडून केलेला चौकोन मात्र हातात धरल्या धरल्या कलंडतो आणि मूल विचारतं, "टीचर, हो रावना कित्याक?" (हा उभा का राहत नाही?) हा प्रश्न मुलाच्या तोंडून आला की माझा अर्धा तास वसूल झाला.

टाइल्स: अवयव पाडणं

नववी-दहावीत सगळ्यात जास्त फायदा मला याच उपक्रमाचा होतो, म्हणून आधी हाच. तीन प्रकारचे तुकडे लागतात: मोठा चौरस म्हणजे क्ष वर्ग, लांब पट्टी म्हणजे क्ष आणि छोटा चौरस म्हणजे एक. छोट्या चौरसाची बाजू २ सेंमी घ्या. पट्टी २ सेंमी रुंद आणि ७.३ सेंमी लांब. मोठा चौरस ७.३ बाय ७.३. चार मुलांच्या गटाला २ मोठे चौरस, १३ पट्ट्या आणि ३० छोटे चौरस पुरतात.

ही ७.३ ची भानगड मुद्दाम आहे. पट्टी ६ किंवा ८ सेंमीची केली, तर मुलं लगेच छोटे चौरस बाजूला लावून मोजतात आणि क्ष म्हणजे ३ किंवा ४ असं ठरवून टाकतात. मग पुढचं सगळं अंकगणित होतं. ७.३ ठेवलं की तीन छोटे चौरस कमी पडतात, चार लावले तर ७ मिलिमीटर बाहेर येतात. क्ष ची लांबी काहीही असू शकते हे सांगावं लागत नाही, ती लांबी मोजायला गेलं की कशातच बसत नाही.

पहिल्या दिवशी खेळ एवढाच: १ मोठा चौरस, ५ पट्ट्या आणि ६ छोटे चौरस घ्या, आणि सगळे वापरून एक सलग आयत करा. फट नको, एकावर एक नको. मी अवयव हा शब्दसुद्धा उच्चारत नाही. पाच-सात मिनिटांत बहुतेक गटांचा आयत होतो. मग विचारायचं, आयताची लांबी किती, रुंदी किती? एक मोठा चौरस आणि तीन पट्ट्यांची रुंदी, म्हणजे क्ष + ३. दुसरीकडे क्ष + २. आता फळ्यावर लिहा: क्ष² + ५क्ष + ६ = (क्ष + ३)(क्ष + २).

खरी मजा पुढे आहे. आता १ मोठा चौरस आणि १२ छोटे चौरस द्या, आणि विचारा: किती पट्ट्या घेतल्या तर आयत जमेल? मुलं ६ घेऊन बघतात, जमत नाही. ९ घेतात, जमत नाही. हळूहळू ध्यानात येतं की बारा छोट्या चौरसांचा कोपऱ्यात स्वतंत्र आयत होतो, आणि त्या आयताच्या दोन बाजूंइतक्याच पट्ट्या लागतात. ३ बाय ४ केला तर ७ पट्ट्या, २ बाय ६ केला तर ८, १ बाय १२ केला तर १३. एवढ्या तीनच. ज्याला आपण मधलं पद फोडणं म्हणतो आणि "गुणाकार बारा, बेरीज सात" असं घोकून घेतो, त्याचं कारण मुलांच्या डोळ्यांसमोर बाकावर मांडलेलं असतं. हे मुलांनीच शोधायला हवं. उत्तर सांगण्याचा मोह होतो, पण गटागटांतून फिरा आणि फक्त "कोपरा कसा केलास?" एवढंच विचारा.

त्यानंतर एक न जमणारं उदाहरण द्याच: क्ष² + ४क्ष + ५. पाच छोट्या चौरसांचा आयत १ बाय ५ असाच होतो, त्याला ६ पट्ट्या लागतात आणि हातात आहेत चार. मुलांना न जमण्याचं कारण लिहायला सांगा. "जमत नाही" हे उत्तर असू शकतं, आणि का जमत नाही ते सांगता येतं, हा अनुभव गणिताच्या तासाला फार क्वचित मिळतो.

दहावीत याच टाइल्स वर्ग पूर्ण करायला काढा. क्ष² + ६क्ष घ्या. या वेळी आयत नको, चौरस हवा. तीन पट्ट्या उजवीकडे, तीन खाली. कोपऱ्यात ३ बाय ३ ची रिकामी जागा दिसते आणि "सहगुणकाच्या निमपटीचा वर्ग मिळवा" या वाक्यातला ९ तिथे मोकळा पडलेला सापडतो. मग क्ष² + ५क्ष द्या. पाचवी पट्टी कुठे लावायची? वर्गात कोणीतरी म्हणतंच की ती उभी कापूया. कापू द्या. त्यासाठी जुन्या पट्ट्या आणि कात्री हाताशी ठेवा. कोपऱ्यातली जागा आता अडीच बाय अडीच, म्हणजे ६.२५. अपूर्णांकाची भीती अशी कात्रीने जाते.

ऋण संख्यांसाठी दुसऱ्या रंगाच्या टाइल्स वापरतात, पण मी अवयव पाडताना त्या वापरत नाही. रंग, चिन्ह आणि क्षेत्रफळ तिन्ही एकदम सांभाळताना मुलांचा गोंधळ होतो. (अ − ब)² साठी वेगळा कागद कापलेला बरा. अ² − ब² साठी तर घडी आणि कात्री पुरे: चौरसातून कोपऱ्याचा छोटा चौरस काढा, उरलेला आकडीसारखा तुकडा सरळ कापून दोन आयत करा, ते टोकाला टोक जोडा. लांबी अ + ब, रुंदी अ − ब. आणि क्ष² + ६क्ष + ५ = ० ची उत्तरं −१ आणि −५ येतात, तिथे टाइल्स डब्यात ठेवायची वेळ झाली असं मुलांना स्पष्ट सांगा. उणे पाच लांबीची पट्टी नसते. इथून पुढे बीजगणित स्वतःच्या पायांवर चालतं.

आठवीसाठी करवंट्या आणि चिंचोके

समीकरणाच्या दोन्ही बाजूंना सारखंच करायचं, हे मुलं नियम म्हणून पाठ करतात आणि "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" अशी जादू होऊन बसते. बाकावर मधोमध खडूने रेघ ओढा. डावीकडे तीन करवंट्या पालथ्या घाला आणि चार सुटे चिंचोके ठेवा. उजवीकडे एक करवंटी आणि दहा चिंचोके. प्रत्येक करवंटीखाली सारखेच चिंचोके लपवलेले आहेत आणि दोन्ही बाजू समान आहेत, एवढं सांगायचं. करवंटी उचलायची नाही. मुलं दोन्ही बाजूंची एकेक करवंटी काढतात, चार-चार चिंचोके काढतात, आणि दोन करवंट्यांत सहा उरतात. मग उचलून बघायचं, खाली तीन निघाले की बाकाबाकांवरून ओरडा होतो.

काजूच्या बिया घरोघरी असतात म्हणून त्या वापरायचा मोह होईल, तो टाळा. बी फुटली तर सालातल्या तेलाने कातडी भाजते. चिंचोके किंवा गुंज्याएवढे खडे उत्तम.

हीर आणि व्हॉल्व ट्यूब: एकरूपता

माडाच्या हिरांची जुनी केरसुणी प्रत्येक घरात असते. नवीन हीर नकोत, ते ओले असतात आणि वाकतात. सायकलच्या दुकानात व्हॉल्व ट्यूब, म्हणजे बारीक रबरी नळी, मीटरवर मिळते, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही मिळून जाते. तिचे दोन-दोन सेंमीचे तुकडे करा. हिराची दोन टोकं तुकड्याच्या दोन तोंडांत खुपसली की सांधा तयार. हीर जाड-बारीक असतात, म्हणून जाड बाजूच कापून घ्या. लांबी सांध्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायची, हे आधीच फळ्यावर लिहून ठेवा, नाहीतर सगळ्यांचे त्रिकोण वेगवेगळे निघतात आणि मूळ मुद्दा बुडतो.

पहिलं काम: ८, १० आणि १२ सेंमीच्या हिरांचा त्रिकोण करा. दहा गटांचे दहा त्रिकोण एकावर एक ठेवा. बसतात. काही उलटे करून बसतात, तेही चालतं, त्यावर बोला. आता त्याच चार-चार हिरांचे चौकोन करायला सांगा. प्रत्येकाचा वेगळा, आणि धरला की कलंडतो. एक कर्ण लावला की ताठ उभा राहतो. पंचकोनाला दोन कर्ण, षटकोनाला तीन. मुलं स्वतःच सांगतात की बाजूंच्या संख्येतून तीन वजा करायचे. गावात जुनं कौलारू घर असेल तर आत जाऊन छपराच्या लाकडी कैच्या वर मान करून बघायला सांगा. सुताराने तिथे त्रिकोणच का केले, हे आता सांगावं लागत नाही.

दुसरं काम मला जास्त आवडतं. दोन बाजू आणि त्यांच्यामधला नसलेला कोन दिला, तर त्रिकोण एकरूप का म्हणता येत नाहीत? पुस्तकात हे एका ओळीत उरकतं. कागदावर एक आडवी लांब रेघ काढा. डाव्या टोकाला ३०° चा कोन करून १२ सेंमीचा हीर चिकटपट्टीने चिकटवा. त्याच्या वरच्या टोकाला ट्यूबने ८ सेंमीचा हीर लटकवा, तो मोकळा फिरला पाहिजे. आता तो फिरवत आडव्या रेघेला कुठे टेकतो ते बघा. तो दोन ठिकाणी टेकतो! तेच माप, तोच कोन, आणि दोन वेगळे त्रिकोण. मग ८ च्या जागी ५ सेंमीचा लावा, तो रेघेपर्यंत पोचतच नाही. ६ सेंमीचा लावा, तो जेमतेम एकाच ठिकाणी टेकतो आणि तिथे काटकोन होतो. कर्ण-भुजा कसोटी काटकोन त्रिकोणालाच का चालते, त्याचं उत्तर मुलांच्या बोटांत फिरत असतं. पुढे अकरावीत साइन नियम शिकताना हीच मुलं हा हीर आठवून सांगतात.

दोरीचा काटकोन

हा उपक्रम मैदानावर करायचा, पाऊस उघडल्यावर. घराचा पाया आखताना आपल्याकडचा गवंडी ३-४-५ ने काटकोन धरतो, हे मुलांनी पाहिलेलं असतं. कोणाचे वडील किंवा मामा या कामात असतील तर त्यांना तासाला बोलवा. मी बोलावते. ते दोन खुंट्या ठोकून, सूत ताणून पाच मिनिटांत काटकोन धरतात आणि मुलं त्यांच्याकडे ज्या आदराने बघतात तो बघण्यासारखा असतो. आयताच्या कर्णाचा हा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रातही दोरीच्याच भाषेत सांगितलेला आहे, हे त्याच वेळी सांगा.

त्यानंतर गटांना काम: ६ मीटर बाय ८ मीटरचा आयत आखा. फक्त दोरी, खुंट्या आणि मोजपट्टी, गुण्या मिळणार नाही. सुंभाची दोरी घेऊ नका, ताणली की लांबते. गवंड्याचं नायलॉनचं सूत घ्या. बरेच गट आधी समोरासमोरच्या बाजू ६-६ आणि ८-८ करून मोकळे होतात. मग त्यांना दोन्ही कर्ण मोजायला लावा. एक १० मीटर १६ सेंमी आणि दुसरा ९ मीटर ८४ सेंमी असं काहीतरी येतं. म्हणजे तो समांतरभुज चौकोन झाला. इथे एक बारकावा दाखवण्यासारखा आहे: कोपरा सरळ रेषेपासून २० सेंमी सरकला असेल, तर कर्णांतला फरक ३२ सेंमीच्या आसपास येतो. चूक कर्णात मोठी होऊन दिसते, म्हणून चिरे रचण्याआधी गवंडी कर्णच तपासतो. हा हिशोब मुलांकडून पायथागोरसने करून घ्या. मैदानावरची चूकच मग उदाहरण म्हणून वहीत जाते.

दीपस्तंभाची उंची

समरूप त्रिकोणांसाठी आणि दहावीच्या त्रिकोणमितीसाठी याहून चांगली जागा गोव्यात शोधून सापडायची नाही. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ सगळ्यांना ठाऊक आहे, पण बहुतेक मोठ्या देवळांपुढे असा एखादा असतोच. देवस्थानची परवानगी आधी काढा. दीपस्तंभ नसेल तर शाळेचा ध्वजस्तंभ, चर्चचा घुमटाचा मनोरा, काहीही चालेल.

वेळ जपून निवडा. गोवा विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेपंधरा अंशांवर आहे. त्यामुळे मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. डिसेंबर-जानेवारी उत्तम. सकाळी सव्वादहाच्या सुमारास मीटरभर काठीची सावली सव्वा मीटरच्या आसपास पडते.

काठी ओळंब्याने उभी करा. नजरेने उभी केलेली काठी हमखास कललेली असते. एक गट काठीची सावली मोजतो आणि त्याच क्षणी दुसरा गट दीपस्तंभाच्या सावलीच्या टोकाला खडूने खूण करतो. "त्याच क्षणी" यावर माझा फार भर असतो. सकाळच्या त्या वेळी काठीची सावली मिनिटागणिक अर्धा-पाऊण सेंटिमीटर आखडते, आणि दीपस्तंभाची त्याच्या दहा-बारापट. टोकाची सावली धूसर असते, तिच्या गडद आणि फिक्या कडेच्या मधोमध खूण करा.

आता ती गोष्ट, जी वर्गात बसून कधीच सुचत नाही. समजा, दीपस्तंभाच्या चौथऱ्याच्या कडेपासून सावलीच्या टोकापर्यंत १३.९ मीटर आले. काठीचं प्रमाण १ ला १.२५, म्हणून उंची ११.१२ मीटर. हे उत्तर चुकीचं आहे. सावलीचं टोक ज्या शिखराचं आहे ते कडेवर नाही, मध्यावर आहे. त्रिकोणाचा पाया दीपस्तंभाच्या मध्यापासून धरायला हवा, आणि तिथे तर दगड आहे, मोजपट्टी जात नाही. मुलांना इथेच थांबवा. कोणी म्हणतं चौथऱ्याची रुंदी मोजून निम्मी करूया. कोणी भोवती दोरी गुंडाळून परिघावरून काढतं. रुंदी ३.२ मीटर निघाली, तर निम्मी १.६ मिळवून १५.५, आणि उंची १२.४ मीटर. सव्वा मीटरहून जास्त फरक! परिघावरून काढणाऱ्या गटाला मात्र विचारा, तळ गोल आहे की अष्टकोनी?

सावलीने काढलेली उंची मग कोनाने ताडून बघा. प्लास्टिकच्या मोठ्या कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा, मध्यबिंदूतून दोरा ओवून खाली नट बांधा. स्ट्रॉमधून शिखर बघायचं, दुसऱ्याने दोरा कुठे येतो ते वाचायचं, आणि ९० तून तो आकडा वजा केला की उन्नत कोन. मध्यापासून १५ मीटरवर उभं राहून कोन ३६° आला, तर १५ × टॅन ३६° म्हणजे सुमारे १०.९, आणि त्यात बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची १.५ मीटर मिळवायची. १२.४ आले. डोळ्यांची उंची अर्धा वर्ग विसरतो, विसरू द्या. सावलीच्या उत्तराशी जुळत नाही म्हटल्यावर ती स्वतःच आठवते. आणि कोन एका अंशाने चुकला तर उंची साधारण ४० सेंटिमीटरने बदलते, हेही काढायला लावा.

दहा गटांची दहा उत्तरं येणार. ती सगळी फळ्यावर लिहा, सरासरी काढा, सगळ्यात दूरच्या उत्तराचं कारण शोधा. मी इथे मुलांना दामोदर धर्मानंद कोसंबींबद्दल सांगते. १९०७ साली गोव्यात जन्मलेला हा गणिती जुनी आहत (ठसे मारलेली) नाणी स्वतः एकेक तोलत बसला आणि त्या वजनांच्या संख्याशास्त्रातून त्याने इतिहास वाचला. आपल्याच मातीतला माणूस मोजमापाला इतकं मानत होता, हे आमच्या मुलांना कळायलाच हवं.

माटोळीचे निर्देशक

चवथीची सुट्टी संपून मुलं परत येतात तेव्हा नववीला निर्देशक भूमिती घेते. गणपतीवरची माटोळी म्हणजे आडव्या-उभ्या पट्ट्यांची लाकडी चौकट, आणि तिच्यावर ठिकठिकाणी बांधलेले नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, अंबाडे, केळ्यांचे घड. मुलांनी घरची माटोळी आलेख कागदावर काढायची. मध्य म्हणजे आरंभबिंदू. नारळ (−२, ३) वर, चिबूड (४, −१) वर. ज्यांच्याकडे माटोळी नसते त्यांनी बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओट्याच्या, फरशा घ्याव्यात, काम तेच.

मग प्रश्न विचारा. (−२, ३) आणि (४, −१) यांच्या बरोबर मध्ये सुपारीचा घोस बांधायचा आहे, कुठे? मुलं सुतळी दुमडून मध्य काढतात, (१, १), आणि सूत्र लगेच पुढच्या ओळीत येतं. दोन फळांमध्ये तोरण बांधायला सुतळी किती लागेल, हे विचारलं की अंतराचं सूत्र येतं. सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी दोन-तीन उत्तरं पायथागोरसने काढून घ्या.

दोन चलांची समीकरणं हॉलमध्ये करा. फरशांवर खडूने अक्ष काढा. एका गटाचा नियम य = २क्ष − १, दुसऱ्याचा य = −क्ष + ५. प्रत्येक मुलाला क्ष चा एक आकडा द्या, त्याने य काढून जागेवर उभं राहायचं. चुकलेलं मूल रांगेबाहेर दिसतं आणि शेजारचेच त्याला सांगतात. (२, ३) वर दोघं एकाच फरशीवर येतात आणि धक्काबुक्की होते, तेच उत्तर. नंतर पहिल्या गटाला तिथेच ठेवून दुसऱ्याला य = २क्ष + ३ द्या. आता कोणी कोणाच्या फरशीवर येत नाही. किती लांब गेलं तरी येणार नाही, हे हॉलची भिंत लागेपर्यंत तपासायला मुलांना आवडतं.

पटकन होणारे काही

अंकगणिती श्रेढीच्या बेरजेला टाइल्समधले छोटे चौरस वापरा: १ ते ५ चा जिना, त्याच्यावर तसाच दुसरा जिना उलटा ठेवला की ५ बाय ६ चा आयत. दोन-तीन वेगळ्या श्रेढी करून बघितल्या की सूत्र मुलंच लिहितात.

वर्तुळाच्या क्षेत्रफळाला सुतळीची घट्ट गुंडाळी पुठ्ठ्यावर चिकटवा, मध्यापासून कडेपर्यंत एक काप द्या आणि वेढे सरळ करा. त्रिकोण होतो, पाया २πत्रि आणि उंची त्रि. गोलाच्या पृष्ठफळाला रबरी चेंडू अर्धा कापा. कापलेला सपाट भाग भरायला जेवढी सुतळी लागते, त्याच्या दुप्पट अर्धगोलाच्या पाठीवर लागते. सुतळी दोन्हीकडे सारख्याच ताणाने गुंडाळा. शंकू आणि वृत्तचिती तांदळाने मोजणं सगळ्यांना माहीत आहे. पुठ्ठ्याच्या जोडाला चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावा म्हणजे झालं.

तासाची आखणी

चाळीस मिनिटांपैकी पाच वाटपाला, वीस हातांना, दहा वहीला आणि पाच गोळा करायला. वहीची दहा मिनिटं कधीही कापू नका, घंटा जवळ आली तर हातांची कापा. वहीत तीन गोष्टी: आकृती, काय जमलं नाही, आणि त्याचं बीजगणित. गट चारांचा ठेवा, पाचवा नुसता बघत बसतो. सामान प्रत्येक गटाला मोजून, नंबर घातलेल्या पिशवीत द्या आणि तसंच मोजून परत घ्या. गटात मुलं कोंकणीत बोलू देत, मराठीत बोलू देत. पेपर इंग्रजीत लिहायचा आहे म्हणून हात चालू असताना इंग्रजीचा आग्रह धरला की बोलणंच बंद होतं. इंग्रजी संज्ञा वहीच्या दहा मिनिटांत आकृतीवर लिहून घ्या.

महिन्याला प्रत्येक वर्गात दोन उपक्रम पुरेत. त्याहून जास्त केले तर सरावाला वेळ राहत नाही, आणि दहावीच्या मुलांना सरावही तितकाच लागतो. परीक्षेत मी या उपक्रमांवर एक प्रश्न घालते: क्ष² + ६क्ष + ६ चा आयत का होत नाही ते आकृती काढून सांगा. ज्याने टाइल्स हाताळल्या त्याला हा दोन मिनिटांचा आहे.

राहिला आपला पावसाळा. पुठ्ठा जूनमध्ये सादळतो आणि ऑगस्टपर्यंत त्याला बुरशी येते, म्हणून टाइल्स फोम शीटच्या करा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, कात्रीने कापल्या जातात आणि मांडताना आवाज करत नाहीत. हीर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, झाकणाला चिकटपट्टी लावून ठेवा. ट्यूबचे तुकडे दोन-तीन वर्षांत कडक होऊन तडकतात, ते नवीनच घ्यावे लागतात. एकदा केलेला टाइल्सचा संच मात्र पुढच्या बॅचला, त्यापुढच्या बॅचला तसाच चालतो; हरवलेले छोटे चौरस दर एप्रिलमध्ये नववीच्या मुलांकडून कापून घ्या, मापं त्यांना पाठ असतात.